गवत न ओलांडणारा पक्षी

पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडच्या नीलगिरी आणि पळनीच्या डोंगरांत चौदाशे-पंधराशे मीटरच्या वर गेलं की जमिनीची मांडणी बदलते. डोंगराची पाठ आणि उतार गवताचे. दोन उतार जिथे एकमेकांना मिळतात त्या घळीत, ओहोळाच्या दोन्ही अंगांना, बुटक्या झाडांचं गडद हिरवं रान. गवत आणि रान यांच्यामध्ये विरळ झाडीचा पट्टा वगैरे काही नसतो, सरळ कड असते. कडेच्या अलीकडे ऊन आणि वारा, पलीकडे ओलसर अंधार. या रानाला शोला म्हणतात आणि त्यात राहणाऱ्या एका निळ्या पक्ष्याला शोलाकिळी. ती या कडेपर्यंत येते, क्वचित पायवाटेवर उतरते, पण उघड्या गवतावरून समोरच्या शोलात जाणं तिच्या स्वभावात नाही. तिच्याबद्दल जे जाणून घ्यायचं, तिच्या दोन जाती, तिचं गाणं, तिच्यावरचं संकट, ते सगळं या एका सवयीपाशी येऊन थांबतं.

आकार चिमणीएवढा, जेमतेम पंधरा सेंटिमीटर, पण ठेवण अगदी वेगळी. पाय लांब, पंख आखूड, शेपटी आखूड, छाती पुढे काढून ताठ उभं राहण्याची ढब. नर-मादी दिसायला सारखे. इतके सारखे, की अभ्यासकांना मादी ओळखण्यासाठी रक्ताच्या थेंबातला डीएनए तपासावा लागला. पश्चिम घाटाला तोडणाऱ्या पालघाट खिंडीच्या उत्तरेला, नीलगिरीत आणि त्यावरच्या कर्नाटकातल्या काही उंच डोंगरांवर, जी राहते ती नीलगिरी शोलाकिळी, शास्त्रीय नाव शोलिकोला मेजर. तिची पाठ आणि छाती पाटीसारखी निळसर करडी, कुशी तांबूस आणि पोटाचा मधला भाग पांढरा. खिंडीच्या दक्षिणेला अनैमलै, पळनी आणि त्याखालच्या डोंगरांवर पांढऱ्या पोटाची शोलाकिळी, शोलिकोला अल्बिव्हेंट्रिस. हिचा निळा रंग जास्त गडद, कुशी करड्या, तांबूसपणा नाही, आणि कपाळावर फिकट निळ्या भुवया स्पष्ट उठून दिसतात, कारण चोच आणि डोळा यांच्यामधला भाग काळा असतो. दोघींची हद्द कुठेही एकमेकींना शिवत नाही. त्यामुळे जात ओळखायला पिसाऱ्याच्याही आधी नकाशा पुरतो.

गोंधळ होतो तो दुसऱ्याच पक्ष्यांशी. हिवाळ्यात हिमालयातून इंडियन ब्लू रॉबिन उतरतो. तोही निळा, तोही जमिनीवर, तोही झुडपांच्या सावलीत. पण त्याच्या नराचा गळा आणि छाती नारिंगी असते, भुवई पांढरी असते, आणि उभ्या उभ्या शेपटी थरथरवायची त्याला खोड आहे. ऑक्टोबर ते मार्च या काळात फक्त 'निळं काहीतरी खाली हललं' एवढ्यावर शोलाकिळीची नोंद करू नये. याच रानांतला शीळकरी कस्तुरही निळा, पण तो आकाराने जवळजवळ दुप्पट आणि ओढ्याच्या दगडांवर उघडा बसणारा. पिल्लांचा प्रश्न वेगळा आहे. घरट्यातून नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू तपकिरी आणि ठिपकेदार असतं, त्यात निळं जवळपास काहीच नसतं. तेव्हा आकार, पायांची लांबी आणि आसपास वावरणारे आईबाप यांवरूनच काय ते ठरवायचं.

शोलाच्या आत शिरलं की हा पक्षी का दिसत नाही ते लगेच कळतं. झाडं उंचीला बेताची, शेंडे एकमेकांत गुंतलेले. फांद्यांवर शेवाळ, दगडफूल, ऑर्किड. खोडं वाकडीतिकडी. खाली कारवीच्या कुळातली झुडपं कमरेपासून डोक्यापर्यंत दाटलेली, आणि त्याखाली सडत आलेल्या पानांचा जाड, मऊ थर. भर दुपारीसुद्धा खाली संध्याकाळसारखा उजेड. शोलाकिळीचं सारं आयुष्य या खालच्या दीड-दोन मीटरांत जातं. ती पालापाचोळ्यावर टुणटुण उड्या मारत हिंडते, थांबते, मान कलती करते, एखादं पान उलटवते, किडा उचलते, पुन्हा थांबते. धोका वाटला तर फडफड करून वर उडत नाही. दोन-तीन उड्यांत झुडपाच्या बुंध्यामागे जाते आणि तिथेच निश्चल राहते. वाऱ्याने पान हललं की नजर तिकडे वळते आणि पक्षी तिथून तीन हातांवर असतो.

म्हणून तिला शोधत रानात फिरणं हाच सगळ्यात वाया जाणारा उद्योग आहे. फिरणाऱ्या माणसाच्या पायाखाली पानं वाजतात, झुडपं हलतात, आणि पक्षी माणसाच्या पुढे पुढे सरकत राहतो. माणसाने कडेशी थांबावं. शोलाच्या कडेने किंवा शोलातून जाणारी जुनी पायवाट, ओहोळ वाटेला छेदतो ती जागा, कुजत पडलेला ओंडका, अशा ठिकाणी झाडाच्या खोडाला पाठ लावून खाली बसायचं. उभं राहिलं तर झुडपांचा वरचा थर नजरेच्या आड येतो. बसलं की खोडांच्या मधून जमीन दहा-बारा मीटरपर्यंत दिसते, आणि पक्षी तिथेच असतो. वीस-पंचवीस मिनिटं हालचाल करायची नाही. सरसरणारे रेनकोट, वेल्क्रोचे खिसे, चुरचुरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या घरी ठेवाव्यात, त्यांचा आवाज या पक्ष्याला पावलांपेक्षा जास्त बिचकवतो असं माझं ठाम मत आहे.

वेळ दोनच. तांबडं फुटल्यापासून पुढचा तासभर आणि मावळतीच्या आधीचा अर्धा तास. या वेळी ती वाटेच्या उघड्या पट्टीवर उतरते. पाऊस पडून गेल्यावर धुकं असेल तर दुपारीही येते. एप्रिलमध्ये या डोंगरांत सूर्य सहा-सव्वासहाला उगवतो, तेव्हा पावणेसहाला जागेवर असावं. मात्र त्याआधी अंधारात शोलाच्या वाटेने चालू नये. नीलगिरी आणि कोडाईकॅनलच्या आसपास गवे भरपूर आहेत. रात्री ते गवतावर चरतात आणि उजाडताना सावलीला, म्हणजे नेमके याच कडेच्या वाटांनी, परततात. वाटेवर गवा दिसला तर बाजूने जागा काढायचा प्रयत्न न करता आल्या वाटेने मागे फिरायचं. बहुतेक चांगले शोला राखीव वनात आहेत. वनखात्याची परवानगी आणि सोबत स्थानिक माणूस हवाच. पावसाळ्यात जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे घालावेत. मीठ चोळून जळवा पडतात खऱ्या, पण सारखं वाकून चोळत बसलं तर पक्षी काही येत नाही.

दुर्बीण आठ पटीची आणि बेचाळीस मिलिमीटरच्या भिंगाची घ्यावी. दहा पटीच्या दुर्बिणीत पक्षी मोठा दिसतो, पण भिंग तेवढंच असेल तर डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटरवरून चारपर्यंत उतरतो, आणि शोलाच्या अंधारात तो फरक निळा आणि काळा यांतला फरक असतो. शिवाय दोन-अडीच मीटरवर फोकस होणारी हवी, कारण शांत बसलेल्या माणसाच्या फार जवळ येऊन जाणारा हा पक्षी आहे. फोटोसाठी आयएसओ तीन हजारांच्या पुढे आणि शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास ठेवावं लागतं. उड्यांच्या मधल्या थांब्यात, मान कलती असते त्या क्षणी, टिपलं तरच पक्षी स्थिर येतो. फ्लॅश वापरू नये. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर तो प्रखर पडतो, आणि फोटोतही निळा रंग धातूसारखा खोटा येतो.

तरीही डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी पडतात. मार्चपासून मेपर्यंत, विणीच्या दिवसांत, उजाडण्याच्याही थोडं आधी नर गाऊ लागतो. गाणं लांबलचक असतं. उंच, गोड शिळा आणि त्यांत मधूनच घासल्यासारखे, गुणगुणल्यासारखे खरबरीत सूर. आवाज या जिवाच्या मानाने इतका मोठा, की पहिल्यांदा ऐकणारा वर फांद्यांत मोठा पक्षी शोधत बसतो, आणि गाणारा हाताच्या उंचीवरच्या एखाद्या काटकीवर असतो. धोक्याची हाक वेगळी असते, बारीक तीक्ष्ण शीळ आणि मागोमाग खडखडाट. तो खडखडाट ऐकू आला की आपण फार जवळ आलो आहोत असं समजावं आणि मागे सरावं. या काळात घरटं कुठेतरी जवळ असू शकतं. झाडाच्या ढोलीत किंवा वाटेच्या बाजूच्या मातीच्या कडेतल्या पोकळीत, जमिनीपासून फार उंच नाही, बारीक मुळ्या आणि शेवाळाचा वाडगा. अंडी सहसा दोन. एवढ्या खालच्या घरट्याकडे आपण दोन-तीनदा ये-जा केली की गवत दबतं, वास राहतो आणि उंदीर-सापांना वाट सापडते.

गाणं रेकॉर्ड करायचं असेल तर मोबाइल चालतो, पण काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करायची, नाहीतर दोन शिळांमधल्या शांततेत ओढ्याची खळखळ फुगते आणि पुढची शीळ फाटते. ध्वनी न दाबता साठवायचा, कारण दाबलेल्या फाइलमध्ये उंच सुरांचे बारकावे जातात आणि नेमके तेच पुढे आवाजाच्या आलेखात वाचायचे असतात. सुरुवातीला किंवा शेवटी स्वतःच्या आवाजात जागा, तारीख, वेळ आणि उंची बोलून ठेवायची. कागदावरच्या नोंदी पावसात भिजतात. ओढ्यापासून वीस-तीस पावलं दूर सरकलं की अर्धा गोंगाट कमी होतो. आणि दहा सेकंदांचा तुकडा पुरत नाही, या पक्ष्याच्या एका गाण्यातच इतके बदल असतात की सलग दोन-तीन मिनिटं लागतात.

रेकॉर्ड केलेलं गाणं पक्ष्याला परत ऐकवणं, ज्याला सगळे प्लेबॅक म्हणतात, ते मात्र या पक्ष्याबाबत करूच नये. त्याचा परिणाम काय होतो ते समजून घेतलं की मोह आपोआप सुटतो. नराला वाटतं, आपल्या हद्दीत परका नर घुसलाय. तो खाणं सोडून, गाणं सोडून, कधी घरट्याजवळची राखण सोडून त्याच्या मागे लागतो. इतर पक्ष्यांना निदान पलीकडच्या झाडीत सरकायची सोय असते. लहान शोलातल्या जोडीला ती नाही, पलीकडे गवत आहे. प्रसिद्ध जागांवर तर सकाळपासून एकामागून एक गट येतात आणि त्याच नराला तेच गाणं ऐकवतात. फोटो मिळतो, पण ज्या दोन महिन्यांत पिल्लं वाढवायची, त्यातल्या रोजच्या सकाळी त्या नराच्या खोट्या शत्रूशी भांडण्यात जातात. मला हे अगदी सहन होत नाही.

या पक्ष्याला नाव देणाऱ्यांचीही बरीच दमछाक झाली. नीलगिरीच्या पक्ष्याचं वर्णन पक्षिअभ्यासक जर्डन यांनी 1840च्या दशकात केलं आणि त्याला थिरथिऱ्यांच्या जवळ बसवलं. पळनीच्या पक्ष्याचं वर्णन ब्लॅनफर्ड यांनी 1868 साली केलं. त्या काळात पळनीच्या पक्ष्यांकडे लक्ष देणाऱ्यांत एक नाव आपल्या ओळखीच्या मुलखातलं आहे, रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक. अमेरिकन मराठी मिशनचे हे गृहस्थ अहमदनगर भागात काम करत आणि खंडाळा, महाबळेश्वर, बेळगावकडच्या पक्ष्यांची यादीही त्यांनी 1876 साली प्रसिद्ध केली. शोलाकिळीच्या शेजारी राहणाऱ्या पळनीच्या हास्यकस्तुराच्या शास्त्रीय नावात आजही फेअरबँक आहेत. पुढे शोलाकिळीला शॉर्टविंग म्हणवल्या जाणाऱ्या पूर्वेकडच्या पक्ष्यांत घातलं गेलं. दोघी एकाच जातीचे दोन प्रकार मानल्या गेल्या. 2005 साली त्या वेगळ्या जाती ठरल्या आणि ब्लू रॉबिनांच्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, गेल्या. शेवटी 2017 साली शास्त्रज्ञ व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी जनुकं, आवाज आणि मोजमापं एकत्र पाहून दाखवलं की हा पक्षी शॉर्टविंगही नाही आणि ब्लू रॉबिनही नाही. त्याचे जवळचे नातलग नीलतवासारखे माशीमार पक्षी आहेत, आणि त्याची स्वतःची वेगळी शाखा फक्त या डोंगरांत वाढलेली आहे. तेव्हा शोलिकोला ही नवी प्रजाती झाली. त्याच अभ्यासात अगदी दक्षिणेच्या अशंबू डोंगरातला गटही वेगळा म्हणून नोंदला गेला.

नकाशा समोर ठेवला की हे असं का झालं ते दिसतं. पालघाटची खिंड तीस-चाळीस किलोमीटर रुंद आहे आणि तिचा तळ समुद्रसपाटीपासून जेमतेम काहीशे मीटरवर. दोन्ही बाजूंना दोन हजार मीटरच्या वर जाणारे डोंगर, मध्ये उष्ण, सखल, कोरडा मुलूख. दक्षिणेला शेनकोट्टाची खिंड बरीच अरुंद, पण तिथेही हाच प्रकार. घार या खिंडी सहज पार करते. गवताचा एक उतारही टाळणाऱ्या पक्ष्याला त्या समुद्राएवढ्या. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासात या खिंडींच्या दोन्ही बाजूंच्या पक्ष्यांमध्ये खोल, फार जुना दुरावा दिसला. तो लाखो वर्षांचा आहे. गाणीही त्याच रेषेवर बदलतात. 2016च्या एका अभ्यासात प्राचीन खिंडींनी वेगळ्या केलेल्या गटांची गाणी आणि अलीकडच्या जंगलतोडीने वेगळ्या झालेल्या गटांची गाणी ताडून पाहिली, तेव्हा दोन्हींत गाण्याचे वेगवेगळे गुण बदललेले निघाले.

जंगलतोडीचा परिणाम जनुकांतही दिसतो. 2015 साली शोलाकिळी आणि हास्यकस्तुर या दोघांवर झालेल्या कामात, गेल्या दीडेकशे वर्षांत तुटलेल्या शोलांमधली ये-जा घटल्याचं दिसून आलं. इथे एक शंका साहजिक येते. शोलांच्या मध्ये गवत तर आधीपासूनच होतं, मग आता नवीन काय बिघडलं? गवत जुनं आहे यात वाद नाही. नीलगिरीच्या दलदलींत साठलेल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, थरांचा अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला, आणि हजारो वर्षं इथे गवत आणि रान हवामानाप्रमाणे कमी-जास्त होत आल्याचं त्यातून दिसलं. रान तोडून माणसाने गवत केलं, ही समजूत चुकीची आहे. पण शोला घळीतून ओहोळाबरोबर खाली उतरतो आणि उतरता उतरता बाजूच्या घळीतल्या शोलाला, नाहीतर खालच्या सदाहरित जंगलाला मिळतो. वरून बेटांसारखी दिसणारी रानं खालून जोडलेली असत. चहाचे मळे, वसाहती, धरणं, रस्ते आले ते नेमके या खालच्या जोडांवर. गवत तसंच राहिलं तरी वाटा तुटल्या.

आणि गवतही तसं राहिलं नाहीच. इंग्रजांना ते पडीक वाटलं, नंतरच्या सरकारांनाही तसंच वाटलं. आधी युकॅलिप्टस आणि वॉटल ही ऑस्ट्रेलियातली झाडं सरपणासाठी, मग कातडी कमावण्याच्या सालीसाठी आणि धाग्याच्या कारखान्यांसाठी हजारो हेक्टर लागवड झाली. पळनीत 1973 ते 2014 या काळात जवळजवळ दोन-तृतीयांश गवताळ प्रदेश गेल्याचं उपग्रहचित्रांवरून मोजलं गेलं आहे. झाडं वाढली तर रानातल्या पक्ष्याला बरंच, असं दुरून वाटतं. वॉटलच्या बनात वाकून पाहावं. वर छत्र आहे, पण खाली शोलासारखा झुडपांचा थर नाही, शेवाळ नाही, कुजणाऱ्या पानांचा तो मऊ ओला थर नाही. शोलाकिळीला लागतं ते सगळं खालच्या दोन मीटरांत, आणि तिथेच काही नसतं. जागतिक लाल यादीत नीलगिरीची जात संकटग्रस्त आणि पांढऱ्या पोटाची असुरक्षित आहे, त्याचं कारण इथे आहे.

वॉटल काढून टाकणं सोपं नाही. काळ्या वॉटलचं बी मातीत दशकानुदशकं जिवंत राहतं आणि आग लागली किंवा जमीन उघडी पडली की एकदम रुजतं. म्हणून सगळं बन एका हंगामात तोडलं तर पुढच्या पावसानंतर तिथे आधीपेक्षा दाट रोपं उभी राहतात. चंदेरी वॉटल तर तोडल्यावर मुळांतून फुटवे काढते. जे काम टिकतं ते सावकाश असतं. कडेपासून थोड्या थोड्या पट्ट्यांत झाडं काढायची, उगवणारी रोपं पुढे कित्येक वर्षं दर पावसाळ्यानंतर हाताने उपटायची, आणि मोकळ्या जागी स्थानिक गवताचे ठोंब लावायचे. जुन्या वॉटलच्या बनाखाली शोलाची रोपं आपोआप आलेली असतील, तर ते बन सरसकट पाडू नये, कारण ती सावलीच त्या रोपांना जगवत असते. आधी रोपं मोजावीत, मग कुऱ्हाड.

शोलाची तुटलेली जोड पुन्हा भरायची असेल तर सर्वांत जास्त रोपं मरतात ती उघड्यावर लावल्यामुळे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गवतावर हिमकण धरतात आणि कोवळी पानं सकाळपर्यंत काळी पडतात. आग लागली तर उरलेली जातात. म्हणून लागवड जुन्या शोलाच्या कडेला चिकटून, ओहोळाच्या काठाकाठाने, दरवर्षी थोडी थोडी पुढे सरकवत करावी लागते. बियाणं त्याच डोंगरातलं हवं. नुसती झाडं लावून थांबलं तर आणखी एक बन तयार होतं. कारवीच्या कुळातली झुडपं, नेचे, वेली हे खालचं सगळं हळूहळू भरत जावं लागतं, पडलेले ओंडके आणि पानं तिथेच कुजू द्यावी लागतात, सरपणाला उचलू नयेत. झाडं डोक्यावर गेली तरी खालचा थर दाटायला त्याहून जास्त वर्षं लागतात, आणि तो दाटेपर्यंत त्या पट्ट्यात पहाटेची शीळ ऐकू येत नाही.